मख्ख चेहऱ्याची बाई

लोकांची मतं गोळा करणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे 'मख्ख' म्हणत, आणि ते कौतुकच होतं. समोरच्याने अकलेचे कितीही तारे तोडले तरी हिची भुवई हलायची नाही. नवऱ्याने लग्नाचं विचारलं तेव्हाही ही म्हणाली असणार, 'इथे चूक-बरोबर काही नाही, तुमचं मत सांगा,' अशी तिची थट्टा चाले.

यंदाचं काम नाजूक होतं. घरातल्या मारहाणीबद्दलचे गैरसमज किती जणांना खरे वाटतात, ते मोजायचं होतं. एकेक वाक्य वाचायचं आणि समोरच्याला पटतं की नाही, एवढंच टिपायचं. वाचणाऱ्याचा सूर जरा चढला की लोक त्याला खूश करणारं उत्तर देतात, म्हणून वाक्यं आधी घरी मोठ्याने घोटायची तिची पद्धत होती.

त्या सकाळी धाकटी बहीण चार दिवस राहून सासरी परत निघाली होती. ताई वाक्यं घोटत होती, तेव्हा बॅग भरता भरता ती हसत उत्तरं देऊ लागली. रागीट माणसाचा हात उठायचाच. पटतं. घरातलं घरातच मिटवावं. पटतं. मग ताईने तशाच सपाट सुरात वाचलं, "मार खरंच सोसवेनासा असता, तर बाई कधीच घर सोडून गेली असती."

धाकटीचा हात बॅगेच्या चेनवर थांबला. "ताई, तुला पटतं का गं हे?"

"इथे चूक-बरोबर काही नाही. तुझं मत सांग."

सवयीने निघून गेलं तोंडातून. धाकटी जरा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. "पटतं, लिही," म्हणत तिने चेन ओढली, चपला घातल्या आणि जिना उतरू लागली.

ताईच्या डोक्यात उजेड पडला तो त्यानंतर. एवढ्या वाक्यांत धाकटीने उलट विचारलं होतं ते याच एका वाक्याला. परक्यांसाठी केलेला नियम आपण सख्ख्या बहिणीच्या तोंडावर फेकला, याची तिला भयंकर लाज वाटली. ती अनवाणीच धावली.

खालच्या पायरीवर तिने तिला गाठलं. "मला नाही पटत. त्यातलं एक अक्षर नाही पटत."

धाकटीने मान वर केली नाही. "घर सोडून जायचं म्हणतात. जायचं कुठे, ते कोणी सांगतं का?"

"इथे," ताई म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, डोळे वाहत होते. कचेरीतल्या कोणी पाहिलं असतं, तर ओळखलं नसतं. तिने बॅग ओढून घेतली आणि पुढे होऊन जिना चढू लागली. थोड्या वेळाने मागून चपलांचा आवाज वर येऊ लागला.