फ्रेंच गढीचा तडा

बुरुजाची एक बाजू खाली आली तेव्हा माझा मुलगा आत होता. आधी खडी ओतल्यासारखा आवाज झाला, मग सगळीकडे पांढरी धूळ. मी बाहेर दगडी बाकावर डबा उघडून बसले होते. भाजीतही धूळ गेली. मी रडले नाही. रडून भिंत उचलता येत नाही.

हा बुरूज लढाईत पडला नाही. तो मुद्दाम फोडत होते.

इथे दुबईकडे मालकाला अरबाब म्हणतात. मुलाच्या कंपनीच्या अरबाबला फ्रान्सच्या एका खेड्यातली जुनी गढी आवडली. पण ती तिथल्या सरकारने जपायला घेतलेली. विकत घ्या, पण खिडकीला रंग द्यायचा तरी परवानगी काढा. एसीचं तर नावच नको. मग त्याने तशीच गढी इथे वाळूत बांधायला काढली. मुलगा गिलावा आणि नक्षीकामाचा फोरमन. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या वर्कशॉपात ते साच्यात सिमेंट ओतून शेकडो वर्षांचे जुने दगड रोज ताजे काढायचे.

गढीला चार गोल बुरूज, वर उभ्या टोप्यांसारखी काळी छपरं. तिकडे बर्फ घसरावा म्हणून तशी करतात. इथे वाळू घसरते. उंच धुराडी आहेत, त्यांतून एसीचे पाइप जातात. एक कबुतरखानाही आहे. तिकडे म्हणे पूर्वी कबुतरं पाळायचा हक्क फक्त जमीनदाराला होता. शारजात अल मजाजला आमच्या घराच्या गॅलरीत ती न पाळता येतात. एवढी जमीनदारी आमचीही आहे.

तिकडे लोक राजावर उठले तेव्हा गावकऱ्यांनी मूळ गढीच्या एका बुरुजाला तडा पाडला. वारसांनी तो कधी बुजवला नाही. पुढे सरकारने गढी तड्यासकट जपली. आळसालाही कायद्याचं संरक्षण मिळालं.

अरबाबला तो तडाही हवा होता. मुलाच्या माणसांनी फोटो बघून तो केला. पण आमचं घर गवंड्यांचं. काम संपलं की थापी धुवायच्या आधी सगळ्या भिंतींवरून तळहात फिरवायचा आणि जिथे भेग लागेल तिथे भरायची, ही आमची रीत. तडा ठेवून जाणाऱ्याला रत्नागिरीत पुन्हा कोणी बोलावत नाही. शेवटच्या दिवशी मुलगा हात फिरवत बुरुजापाशी आला. तडा फोटोत आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी राहत्या घरात तडा ठेवणं त्याला पटेना. त्याने भरला आणि वरून घोटून गुळगुळीत केला.

गढीचं काम बघणारी फ्रेंच मॅडम दुसऱ्या दिवशी आली.

"व्हेअर इज माय क्रॅक?"

"रिपेअर कर दिया, मॅडम. फ्री."

तडा परत आला नाही तर व्हिसा खलास, असा अरबाबचा निरोप आला. घरी नात बापाला म्हणाली, "पप्पा, यू कान्ट जस्ट फिक्स हिस्टरी."

मी म्हटलं, "बाई, तुझी फी त्याच्या नोकरीतून जाते. इतिहासातून नाही."

मी गावी परत जाणार होते, म्हणून गढी दाखवायला त्याने मला सोबत नेलं. आत तो आणि पेशावरचा एक म्हातारा मिस्त्री. छिन्नी लावली, पण मुलाने भरलेलं फुटेना. फुटलं ते आजूबाजूचं.

"यल्ला, एक हात और," मिस्त्री म्हणाला.

"अरे, जरा बेताने," मी बाहेरून म्हटलं.

"आई, तू जेव गं!"

मग ती खडी ओतली गेली.

माणसं धावली, अग्निशमनवाले आले, दोघांना बाहेर काढून अँब्युलन्समध्ये घातलं. मॅडमही धावत आली. पण जाता जाता तिची नजर बुरुजाकडे गेली, आणि तिने मोबाइलमधला फोटो काढून ताडून पाहिला. तिथल्या लोकांना तिने सांगून ठेवलं, आता ह्याला कोणी हात लावू नका. बुरुजाभोवती दोरी बांधली आहे. अरबाब खूश आहे. व्हिसाचं पुन्हा कोणी बोललं नाही.

मुलाचा खांदा मोडला, मिस्त्रीच्या बरगड्या. आत ते दोघेच होते. दोघेही जिवंत आहेत.