जावयाची भिंत

आमच्या घरात आजवर कोणी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही, त्यामुळे टेनिसबद्दलची माझी मतं अगदी पक्की आहेत. खेळणाऱ्यांची मतं खेळता खेळता डळमळतात. मी इंदूरला रामबागेत, पंख्याखाली आरामखुर्चीत बसून टेनिस बघतो. तिथे मत बदलायचं काही कारणच पडत नाही.

माझ्या मते टेनिसमध्ये दोनच जाती. एक कलावंत आणि दुसरे मजूर. कलावंताला आमच्या घरात 'एकहाती' म्हणतात, कारण तो बॅकहँड एकाच हाताने मारतो. मारतो कसला, हवेत सही करतो. (बॉल बऱ्याचदा नेटमध्ये जातो, पण सही झालेली असते.) मजुराचं नाव 'भिंत'. हा गृहस्थ रॅकेट दोन्ही हातांनी, भरलेली बादली उचलावी तशी धरतो आणि समोरून आलेला बॉल परत पाठवतो. पुन्हा आला, पुन्हा परत. शेवटी समोरचा कंटाळून चुकतो आणि लोक टाळ्या वाजवतात. असल्या खेळाला टाळ्या वाजवणारा माणूस आयुष्यात काय दिवे लावणार, असं मी नेहमी म्हणायचो. मग आमच्या केतकीने अशाच एका माणसाशी लग्न केलं.

जावई अनिकेत विजय नगरच्या एका आयटी कंपनीत आहे. स्वभावाने गरीब, कामाला वाघ आणि भिंतीचा परमभक्त. शिवाय सोसायटीच्या कोर्टवर स्वतः खेळतो, अर्थातच दोन हातांनी! दिवाळसणाला आला तेव्हा जेवता जेवता मी सहज म्हणालो, "बॅकहँडला ज्याला दोन हात लागतात, तो घास पण दोन हातांनी खात असेल." अनिकेतने वाटी खाली ठेवली, "पोट भरलं, बाबा" म्हणाला आणि उठला. श्रीखंड तसंच राहिलं. त्यानंतर त्याने आमच्या घराची पायरी चढली नाही. केतकी यायची, पण खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता बसायची आणि चहा संपला की निघायची. माझी बायको, नलिनी, त्या काळात माझा चहा टेबलावर आपटून ठेवायची.

मग अधिक महिना आला. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, ओवाळायचं, आणि अनारशांनी भरलेल्या ताटात दिवा लावून ते ताट त्याच्या हातात द्यायचं. नलिनीने केतकीला गळ घालून एक रविवार ठरवला. त्याच संध्याकाळी लाल मातीवरची फायनल निघाली. एकहाती विरुद्ध भिंत.

"ऐकताय ना?" नलिनीने सकाळीच बजावलं. "आज टेनिसचा विषय बिल्कुल काढायचा नाही. आज बिगडलं ना, तर पोरगी माहेरी यायची बंद होईल. आणि पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी."

"मी कशाला काढीन?"

"आदत आहे तुमची. हे घ्या. तोंड बंद, हात चालू."

'हे' म्हणजे मच्छर मारायची रॅकेट. बटन दाबलं की जाळीत करंट येतो आणि मच्छर चट् करून जळतो. विष्णूला मच्छर चावू नयेत, हे माझं त्या दिवशीचं खातं होतं.

अनिकेत आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाबा, आज फायनल आहे ना? माझ्यामुळे टीव्ही बंद नका ठेवू." आवाज बंद करून टीव्ही लागला.

"तुमची भिंत सध्या फॉर्मात आहे, अनिकेतजी," मी म्हणालो. हे म्हणताना माझी दाढ दुखली.

"नाही बाबा, टॅलेंट म्हणाल तर एकहातीच."

सासरे-जावई एकमेकांशी इतकं खोटं बोलताना बघून नलिनीला धन्य वाटत होतं. तेवढ्यात अनिकेत पुढे बोलला, "टॅलेंट भोत है, बस जिंकत नाही."

"कलावंत जिंकायला खेळत नाही."

"पण बाबा, हर बॉल परत देणं हे पण टॅलेंटच झालं ना?"

"आमच्या कचेरीतले बडेबाबू प्रत्येक फाइल परत पाठवायचे," मी म्हणालो. "त्यांना कोणी टॅलेंट नाही म्हटलं."

केतकीने माझ्याकडे असं बघितलं, की मी मच्छर शोधायला लागलो. नलिनीने घाईघाईने पाट मांडला. त्या घाईत पाट असा मांडला गेला, की विष्णूची पाठ टीव्हीकडे आणि त्याच्यासमोर रॅकेट घेऊन उभ्या असलेल्या माझं तोंड टीव्हीकडे. तिने ओवाळलं आणि ताट अनिकेतच्या हातात दिलं. कडेने अनारसे, मधोमध तेवता दिवा.

आणि त्याच क्षणी एकहातीने लाइनवर असा बॅकहँड मारला, की भिंत जागची हललीसुद्धा नाही. माझा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यापाशी गेला आणि तिथून सुटला. बोट बटनावर होतंच. रॅकेट आधी ताटाच्या काठाला लागली आणि मग, सही पूर्ण करायला, वर अनिकेतच्या कानापर्यंत गेली.

चट्!

विष्णूला करंट बसला. अनिकेत पाटावरून चांगला वीतभर उडाला आणि परत पाटावर बसला. ताट मात्र हललं नाही. दिव्याची ज्योत वाकली आणि सरळ झाली. एक अनारसा काठापर्यंत घसरत आला, तो अनिकेतने ताट जरासं कलतं करून परत आत पाठवला. ताट त्याने दोन्ही हातांनी, भरलेली बादली उचलावी तसं धरलं होतं.

केतकीने पर्स उचलून खांद्याला लावली. नलिनीने डोळे मिटून घेतले. मी अजून हात वर करून बॅकहँडच्या पोझमध्येच उभा होतो, कारण खाली कधी घ्यावा हे समजत नव्हतं. मला खरंच भीती वाटली.

अनिकेतला कान चोळता येत नव्हता, दोन्ही हात गुंतलेले. त्याने एकदा रॅकेटकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बाबा, शॉट एकदम क्लास होता," तो म्हणाला. "पण ताट वाचलं ते दोन हातांमुळे."

जन्मात पहिल्यांदा टेनिसवर माझ्याकडे मत नव्हतं. "वाचलं खरं," मी म्हणालो.

आधी तो हसला, मग केतकी हसली आणि हसता हसता तिने पर्स खुंटीला अडकवली. त्या खुंटीकडे बघून मला जे वाटलं, ते कुठल्याही फायनलमध्ये वाटलेलं नाही. अनिकेतने धोंडे मागून घेतले, कानाला थंड वाटी लावून शेवटपर्यंत मॅच बघितली आणि भिंत जिंकली. (एकहातीने शेवटचा बॉल नेटमध्ये सही करून दिला.)

आता दोघं दर रविवारी येतात. माझी मतं बदललेली नाहीत. कला ती कला आणि मजुरी ती मजुरी, हे मी जावयाला अजूनही तासभर समजावून सांगतो. फक्त मच्छरांची रॅकेट अलमारीवर, माझा हात पोचणार नाही अशी ठेवलेली असते. आणि नलिनी मला चहा देताना सगळ्यांसमोर म्हणते, "दोन हातांनी धरा." मी बोलणं न थांबवता धरतो.