काजव्याच्या पोराचं जेवण

पडघ्याजवळ गोदामांच्या मागे ठकी दहा गुंठे जमीन कसत होती. जमीन बाळारामशेठची, मेहनत ठकीची, पीक निम्मे निम्मे. गेल्या साली गोगलगायींनी काकडी फस्त केली होती. यंदा शेठने आधीच बजावले, "वेल मांडवावर चढला न्हाय, तं जागा ट्रक उभे करायला देनार."

ठकीने चाळीस आळी केली, बी टोचले. दोन पाने फुटली आणि गोगलगायी आल्या.

ती रोज उजाडताच मिठाच्या पाण्याचा डबा घेऊन यायची. एकही आळे सोडायची नाही. पान उलटायचे, मातीवर बोट फिरवायचे, सापडेल ते डब्यात. कुरतडलेल्या कोंबापाशी तिला काळे, चपटे, सालपटासारखे किडे दिसायचे. हेच कोंब खातात असे समजून तिने तेही डब्यात टाकले. असे दहा दिवस.

गोदामात हमाली करणारा तिचा नवरा धाकल्या म्हणाला, "माझ्याकड कंदी इतक्या बारीक नजरंन पाह्यलं न्हाईस."

"तू काकडी हायस काय?"

अकराव्या दिवशी एका किड्याचे डोके बारक्या गोगलगायीच्या शंखात शिरलेले दिसले. ठकी हातातला डबा ठेवून बसली. गोगलगाय फेस सोडत होती, मग ढिली पडली. किडा खातच राहिला. बाजूच्या कोवळ्या पानाला त्याने तोंडही लावले नाही.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला बांधाच्या गवतात जमिनीलगत हिरवट उजेड दिसला. तिने काडीने उचलून पाहिले. तोच किडा, शेपटीकडे दिवा.

"काजव्याचं पोर हाय," तिने घरी सांगितले.

"काजवा तं दव पितो. माझी आय सांगायची."

"मोठा पीत असंल. पोराला मटनच लागतंय."

धाकल्या हसला. ठकी हसली नाही. दहा दिवसांची मेहनत खरी होती, पण तिच्यातली निम्मी पिकावरच उलटली होती.

दोन दिवसांनी शेठ गोगलगायी मारायच्या गोळ्या घेऊन आला.

"गोळ्या नको, दादा. काजव्याची पोरं गोगलगायी खातात. इख खाल्लेली गोगलगाय त्यांच्या पोटात गेली, तं तीबी मरतील. आधीच मी डबाभर मारलीत."

"तूच मारलीस न् आता मला शिकवतीस? वेल गेला तर?"

"तर ट्रक लावा. पंधरा दिवस द्या."

शेठ गोळ्या घेऊन परत गेला.

ठकीने पहाटेची फेरी चुकवली नाही. मोठ्या गोगलगायी किड्यांना आवरत नव्हत्या, त्या तिने वेचल्या. बारक्या गोगलगायी किड्यांसाठी ठेवल्या. किड्यांना लपायला बांधालगत ओला पाला घातला. कोंब खाल्लेल्या आळ्यांत पुन्हा बी टोचले. बारक्यांनी काही कोंब खाल्लेच. पण दिवसागणिक नवी कुरतड कमी दिसू लागली.

पंधराव्या दिवशी शेठ मांडवाखालून वाकून फिरला. एकतीस वेल चढले होते.

"नऊ आळी रिकामी हायत, ठके."

"ती माझ्या चुकीची."

शेठने एक वेल हलवून पाहिला. मांडव भक्कम होता.

"ट्रकवाल्याला न्हाय सांगतो. पुढल्या साली चाळीसच्या चाळीस पायजेत."

"मिळतील," ठकी म्हणाली आणि खाली लोंबणारा वेल सुतळीने बांधायला लागली.