इंजिन बसलं नव्हतं, पाइप चिरला होता

मंडळी, हे लिहिताना अजून डोकं तापलेलं आहे.

बाबांची पंचवीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी मी चालवते. महिनाभरापासून ती उभी राहिली की थरथरायची आणि बंद पडायची. वरठीच्या रेल्वे फाटकापाशी आईला घेऊन अडकले, तेव्हा रडूच आलं.

भंडाऱ्यातल्या मेकॅनिकने पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलले, फरक शून्य. मग म्हणाला, "मॅडम, इंजिन बसलं. भंगारात जाण्यापेक्षा मलेच देऊन टाका." ते ऐकून बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

आज सकाळी तुमसरहून मामा आले. ते राइस मिलमध्ये फिटर आहेत. गाडी चालू ठेवून त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनवर फिरवलं.

"इथून हवा ओढून राहिली पोरी, ऐक."

इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातून स्स्स असा आवाज येत होता. त्या पाइपावर नवीकोरी टेप सैलसर गुंडाळलेली होती. मामांनी ती सोलली, तर खाली बोटभर चीर! चिरेवर अंगठा दाबताच गाडी शांत चालायला लागली.

महिनाभरात बोनेट फक्त त्या मेकॅनिकने उघडलं होतं. म्हणजे चीर त्याला दिसली होती. त्याने ती झाकली आणि वर गाडी स्वतःसाठी मागितली.

मी त्याला फोन करून चिरेबद्दल विचारलं. तो हसत म्हणाला, "जुन्या गाडीत असं होतच राहते मॅडम. मग, विकता काय?"

शिसारी आली. चूक कोणाकडूनही होते, पण म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी असा खेळ? तुम्ही असता तर त्याला काय उत्तर दिलं असतं?