टिकलीखालचा दिवा

घोडेगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. राहते वारूळवाडीला, वडिलांबरोबर. आई जाऊन बरीच वर्षं झाली. वडिलांना मी अण्णा म्हणते. आमचं गाव पिंपरी पेंढार. तिथली थोडी जमीन चुलतभाऊ बघतो. अण्णांनी आयुष्यभर एसटी चालवली. तीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही, असं ते सांगतात आणि त्यांचे जुने कंडक्टरही सांगतात.

गाडीचा नाद माझ्यात त्यांच्याकडूनच आला असणार. पाच वर्षांपूर्वी पुण्यातले एक ओळखीचे गृहस्थ मुलाकडे परदेशी कायमचे निघाले. त्यांच्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्स कार होती. दोन दारं, दोनच सीट, जमिनीला टेकलेली. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून कुणी घेत नव्हतं. मी घेतली. गल्लीत आणली तेव्हा शेजारच्या काकूंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "एवढ्या गाडीत दोनच माणसं? मग पावणं आलं तर?" अण्णा म्हणाले, "पावण्यांनी एसटीनं यावं."

पुढची पाच वर्षं मी तिच्यातून कॉलेजला गेले. मुलं गाडी ओळखायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या दिवाळीनंतर गाडी जड झाली. चढाला दम लागायचा. खालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. समोर मीटरशेजारी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. अण्णा एकदा शेजारी बसून कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "हिचा श्वास कोंडलाय गं. मागनं हवाच नीट भाईर जात नाय."

मी म्हटलं, "अण्णा, एसटी वेगळी आणि ही वेगळी."

तो दिवा मात्र डोळ्यांत खुपायचा. एका सकाळी मी पर्समधून काळी टिकली काढली आणि त्याच्यावर चिकटवून टाकली. सुट्टी लागली की दाखवू गाडी, असं ठरवलं.

डिसेंबरात अण्णांचे एक निवृत्त ड्रायव्हर मित्र घोडेगावात नव्या घरात राहायला गेले. रविवारी आम्ही दोघं जेवायला गेलो. थंडी होती, अण्णांना खोकला होता, म्हणून काचा वर करून हीटर लावला होता. जेवण झालं, गप्पा झाल्या, दुपारी निघालो. सकाळी घोडेगावला जाताना अण्णा म्हणाले होते, डोकं जरा धरलंय. माझंही धरलं होतं. मला वाटलं, थंडीतून आलोय आणि सकाळपासून चहा नाही, म्हणून असेल.

मंचरच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली होती. सगळा रस्ता उसानं भरलेला. पुढे गाड्या, मागे गाड्या. धूळ येत होती, म्हणून काचा बंदच ठेवल्या. अण्णांना ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवलं. गाडीत थोडा धुराचा वास होता, पण जुन्या गाडीत असतोच. अण्णा म्हणाले, "झोप येतीय." मी म्हटलं, "झोपा की, इथं अजून अर्धा तास हलत नाही कुणी."

त्यानंतरचं मला नीट आठवतं ते एकदम दार उघडण्यापासून. गार हवा तोंडावर आली आणि कुणीतरी ओरडत होतं, "ओ ताई! ताई! आजोबांना बघा की!"

स्वेटर घातलेला, चाळिशीचा एक माणूस होता. मला माझ्या सीटचा पट्टा सोडवता येईना. बोटं बटणावर जात होती, पण दाबलं जात नव्हतं. त्यानंच हात घालून सोडवला. मग पलीकडे धावला आणि अण्णांना काखेत धरून बाहेर ओढलं. अण्णांची मान लुळी पडली होती. एक चप्पल गाडीत राहिली, एक रस्त्यावर पडली. मी उतरले आणि तिथेच उलटी केली. मनात एकच होतं, अण्णांना हार्ट अटॅक आला.

तो दुधाचा टेम्पो चालवणारा होता. आमच्या मागेच अडकला होता. चार लोकांनी अण्णांना उचलून त्याच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनच्या मधे आडवं केलं. त्यानं टेम्पो रस्त्याखाली घेतला आणि शेताच्या कडेकडेनं मंचरला काढला. मी अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "अण्णा, अण्णा," एवढंच तोंडातून येत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, बोटाला चिमटा लावला. यंत्रावर आकडा चांगला दिसत होता. मला बरं वाटलं. डॉक्टरांनी मात्र माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला काय होतंय?"

"काही नाही. डोकं दुखतंय. उलटी झाली."

"यांचंही डोकं दुखत होतं?"

"हो. सकाळपासून."

"कशातून आलात? काचा बंद होत्या? इंजिन चालू?"

मी "हो" म्हटलं आणि पुढचा प्रश्न त्यांनी विचारायच्या आत मला सगळं कळलं. दरवर्षी मी फळ्यावर लिहिते. रंग नाही, गंध नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा घट्ट धरतो. मुलांकडून पाठ करून घेते. परीक्षेत हमखास येतो, म्हणून खाली दोन रेघा मारते. कार्बन मोनॉक्साइड.

"पण आकडा तर चांगला आहे," मी म्हणाले.

"हे यंत्र इथं फसतं. त्याला ऑक्सिजन आणि या वायूतला फरक कळत नाही," डॉक्टर म्हणाले आणि नर्सला म्हणाले, "यांनाही मास्क लावा."

शेजारच्या खाटेवर मी मास्क लावून पडले होते आणि अण्णांच्या छातीकडे बघत होते. वर, खाली. वर, खाली. मी त्यांना मारलं असतं. हे वाक्य मनात आलं आणि मग तिथून हलेना.

संध्याकाळी अण्णांनी डोळे उघडले, तोवर माझा मास्क काढला होता. मला बघून म्हणाले, "ट्रॉली निघाली का?"

दोन दिवसांनी घरी आलो. अण्णांना मी सांगितलं, गाडीत धूर भरला, तुम्हाला चक्कर आली. मलाही काही झालं होतं, हे मात्र सांगितलं नाही. कशाला घाबरवायचं, असं मला वाटलं.

गाडी टोचन करून वारूळवाडीत सायलेन्सरची कामं करणाऱ्या एका मेकॅनिककडे आणली होती. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. अण्णा ऐकेनात, माझ्याबरोबर आले आणि स्टुलावर बसून राहिले. मेकॅनिक आधी आत बसला. मीटरवरची टिकली त्यानं नखानं काढली, बोटावर घेऊन पाहिली आणि डॅशबोर्डवर ठेवली. पिवळा दिवा दिसू लागला. मी मान खाली घातली.

गाडी लिफ्टवर वर गेली. इंजिनाकडून येणाऱ्या पाइपमधे जेवणाच्या डब्याएवढा एक फुगीर पत्र्याचा डबा होता. लोखंड निळं, जांभळं पडलेलं.

"हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर," तो म्हणाला. "रंग बघा. लालबुंद होऊन गार झालाय. कितीदा तरी."

बोल्ट गंजले होते. दोन निघाले, दोन कापावे लागले. डबा खाली आला तेव्हा त्यानं तो हलवला. तोच खड्यांचा आवाज. मग तोंडाशी टॉर्च धरून मला बघायला सांगितलं. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते, त्यातून धूर जाताना त्यातलं विष कमी होतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. प्रत्यक्षात जाळीचा अर्धा भाग वितळून काचेसारखा गोळा झाला होता आणि बाकीचे तुकडे त्यावर येऊन बसले होते. टॉर्चचा उजेड पलीकडे जातच नव्हता.

"एका प्लगची कॉइल गेलीय. तिथलं पेट्रोल न जळता हिच्यात येत व्हतं आन् इथं जळत व्हतं," तो म्हणाला. "वाट बंद झाली. मग धुरानं दुसरी वाट काढली." त्यानं डब्याच्या आधीचा जोड दाखवला. गॅस्केट जळून गेलं होतं, पाइपला करंगळी जाईल एवढी चीर होती. आणि बरोबर त्याच्या वर, गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं.

अण्णा स्टुलावरून उठून लिफ्टखाली आले आणि त्या चिरेकडे बघत उभे राहिले. "श्वास कोंडलेला," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

मेकॅनिकनं विचारलं, "पीयूसी कवा केली व्हती?"

"नोव्हेंबरात."

"आन् पास झाली?"

"हो."

"गाडी नेली व्हती?"

गाडी नेली नव्हती. एका ओळखीच्या मुलाला नंबरप्लेटचा फोटो मोबाइलवर पाठवला होता. तासाभरात कागद आला. त्या कागदावर माझ्या गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला होता, दशांश चिन्हासकट. मी तो वाचलासुद्धा नव्हता. मुलांनी प्रयोग न करता जर्नलमधे रीडिंग लिहिलं तर मी पान फाडते.

"फोटो पाठवला होता," मी शेवटी म्हणाले. अण्णा तिथेच होते. त्यांनी ऐकलं.

मेकॅनिक म्हणाला, "समदे तसंच करत्यात, मॅडम." त्याच दमात पुढे म्हणाला, "हा पार्ट मिळायला लई तरास हाय. सरळ पाइप टाकून देतो. जाळी नकोच. गाडी पळंल बी आन् आवाज बी भारी येईल. दिव्याची सोय हाय आपल्याकडं, तो लागणारच नाय."

तो मदतच करत होता, त्याच्या दृष्टीनं. मी मात्र त्या डब्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "भाऊ, हाच डबा नवीन बसवायचा. कितीही दिवस लागू देत. आणि दिवा लागला पाहिजे."

तीन आठवडे लागले. नेमका भाग मिळालाच नाही. पुण्याच्या एका दुकानदारानं तेवढ्याच इंजिनाला चालणारा दुसरा पाठवला आणि मेकॅनिकनं दोन्ही टोकांना नवे जोड वेल्ड केले. आधी कॉइल आणि चारी प्लग बदलले, नाहीतर नवी जाळीही वितळली असती. पुढचा पाइप, गॅस्केट, धूर मोजणारे दोन्ही सेन्सर, गिअरचं रबर. इंजिन चालू केल्यावर त्यानं साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर मारलं. कुठंही बुडबुडा आला नाही. तरी मी त्याला पुन्हा मारायला लावलं.

मग मी गाडी घेऊन पीयूसीला गेले. तिथला माणूस मोबाइल बघत होता. म्हणाला, "मॅडम, गाडी कशाला आणली? फोटो टाकायचा ना." मी इंजिन चालू ठेवलं आणि नळी सायलेन्सरमधे घालायला लावली. नळीवरची धूळ त्यानं आधी फडक्यानं पुसली.

जानेवारीत त्या दूधवाल्या भाऊंना शोधलं. घोडेगावजवळच्या एका वाडीवर राहतात. डेअरीत विचारून पत्ता मिळाला. पेढे घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं चहा केला. मी म्हटलं, "तुम्ही आमच्याकडे बघितलंत म्हणून आम्ही आहोत." ते कसनुसं हसले. चहा खाली ठेवला.

"ताई, खरं सांगू का? मी तुमच्याकडं बघायला आलोच नव्हतो. गाडी लई आवडली. म्हनलं, ट्रॉली निघंस्तोवर एक सेल्फी काढावा, घरी दाखवावा."

त्यांनी फोन काढून समोर धरला. फोटोत ते आमच्या बॉनेटला पाठ करून उभे होते. स्वेटर, चष्मा डोक्यावर, तोंडभर हसू. त्यांच्या खांद्यामागे आमची पुढची काच. काचेआड अण्णांची मान छातीवर पडलेली. आणि ड्रायव्हरच्या जागी मी. माझं डोकं दाराच्या काचेला टेकलेलं, तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले.

"चांगला आला का म्हणून बघाया लागलो," ते म्हणाले, "तवा दिसलं. आधी वाटलं झोपल्यात. टेम्पोकडं निघालो बी व्हतो. मग म्हनलं, गाडी चालवणारी कशी झोपंल?"

मी कप खाली ठेवला. त्यांच्या बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. भाऊंनी विचारलं, "कुणाला दावला नाय. पुसू का?"

"मला पाठवा," मी म्हणाले. "मग पुसा."

अण्णांना दाखवायचा की नाही, हे ठरवायला मला आठवडा लागला. त्यांना त्या दुपारचं ट्रॉलीपुढचं काहीच आठवत नाही, अजूनही नाही. ते सारखे विचारायचे, नक्की काय झालं व्हतं गं? एका सकाळी मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. आधी स्वतःला शोधलं. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सरकवत माझ्या तोंडावर आणला. बराच वेळ तिथेच ठेवला.

"मला वाटलं, मी एकटाच व्हतो," ते म्हणाले.

गॅरेजमधे ते रागावले नव्हते. पीयूसीचं ऐकूनही रागावले नव्हते. आता त्यांची मान लाल झाली. फोन त्यांनी पालथा ठेवला आणि मला आयुष्यात कधी बोलले नाहीत अशा आवाजात म्हणाले, "उद्यापासून एसटीनं जायचं. मी सांगंपर्यंत."

मी छत्तीस वर्षांची आहे, मुलांना शिकवते. मी "हो" म्हणाले. दीड महिना मी एसटीनं गेले. रोज सकाळी ते मफलर गुंडाळून माझ्याबरोबर स्टँडवर यायचे, मी बसायच्या आधी ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन दोन शब्द बोलायचे आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहायचे.