बंद घरांची फेरी

लास गारसासमधल्या घरांना नंबर नाहीत, नावं आहेत. 'आलो एकदाचे', 'तिघी बहिणी', 'सासूबाई उद्या' अशी. मालक राजधानीचे, माँतेविदेओचे. जानेवारीत, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात येतात, गल्लीत गाड्या कोंबतात, माझ्या दुकानातला बर्फ संपवतात आणि मार्च उजाडायच्या आत पसार होतात. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती घरं पाइनच्या जंगलात दारं मिटून पडलेली असतात. ओल, वाळू, उंदीर, सगळ्यांना मोकळं रान. त्या घरांच्या चाव्या झुल्मा बेरुत्तीकडे असतात.

आधी त्या तिच्या नवऱ्याकडे होत्या. वॉशिंग्टन नावाची तीन माणसं आहेत गावात, हा त्यातला सगळ्यात कुरकुऱ्या. लकवा मारून त्याची डावी बाजू गेली आणि चाव्यांचा जुडगा झुल्माच्या कमरेला आला. तेव्हाच ती साठीच्या पुढे होती. आता सत्तरीला टेकली आहे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार ती निघते. तिचं घर माझ्या दुकानाला लागून आहे. तिथून आधी पाइनचं जंगल. गळलेल्या सुयांचा थर इतका जाड की पाऊल वाजत नाही. मग ओहोळ आणि त्यावर टाकलेली फळी. पाऊस झाला की फळी वाहून जाते आणि गमबुटात पाणी शिरतं. पलीकडे वाळूच्या टेकड्या. तिथे वाट म्हणून काही नसतेच, समुद्रावरचा वारा आदल्या रात्री वाळू जिथे नेऊन टाकेल तिथून वळसा घालायचा. फाटकं अर्धी पुरलेली असतात, ती हातांनी उपसून उघडायची. शेवटी किनारा, तोही पाण्याच्या अगदी कडेने, कारण कोरड्या वाळूत पाय रुततो. आणि परत येताना निलगिरीचं रान. प्रत्येक घरात खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, गाद्या उलट्या करून बघायच्या, मेलेलं वटवाघूळ फेकायचं, पुन्हा सगळं बंद करायचं.

नगरपालिकेने मध्यंतरी झाडांवर पिवळे बाण रंगवले, एक किनाऱ्याची वाट, एक जंगलाची वाट. उन्हाळ्यात धडधाकट माणसं दोन्ही हातांत काठ्या घेऊन त्या बाणांमागे चालतात. त्यातल्या एकीने झुल्माला विचारलं होतं, "इथली सगळ्यात सुंदर वाट कुठली हो?"

"जिला चढ नाही ती," झुल्मा म्हणाली आणि पुढे गेली.

गावाला तिची फार कीव. बिचारी झुल्मा, या वयात, या थंडीत, त्या वाळूतून! कीव करायला पैसे पडत नाहीत, म्हणून आमच्याकडे ती सढळ हाताने केली जाते. मीही करायची. ती फेरीवर असली की दुपारी मी वॉशिंग्टनकडे डोकावून येते. तो चुलीसमोरच्या खुर्चीत डोळे मिटून पडलेला असतो. मला वाटायचं, बघा, हा मजेत झोपलाय आणि ती बाई तिकडे पाय ओढतेय.

मग गेल्या ऑगस्टमध्ये एकदा मी चुलीसाठी पाइनची बोंडं गोळा करत टेकड्यांपर्यंत गेले. 'तिघी बहिणी'च्या पडवीत झुल्मा बसलेली दिसली. गमबूट काढून ठेवलेले, पाय दुसऱ्या खुर्चीवर. समुद्राकडे चक्क पाठ, कारण तोंडावर वारा नको. हातात माटेच्या कडू चहाचा पेला, पण नळी तोंडात नाही. मला वाटलं, हिला काहीतरी झालं.

"अगं, बरं वाटत नाहीये का?"

"छे. बसलेय."

"कधीपासून?"

"कामं उरकल्यापासून. बारा वाजताच उरकतात माझी."

ती घरी तर कधीच चारच्या आत येत नाही.

"चालून चालून जीव गेला असेल तुझा," मी म्हटलं.

"चालून कोण दमतं, नीबिया? घरी गेलं की दमायचं. उठवा, पुसा, भरवा, औषध द्या, रात्री चार वेळा कूस बदला. आणि झुल्मा, झुल्मा, झुल्मा. स्वतःच्या नावाचा वीट आलाय मला." तिने पाय खाली घेतले. "इथे कुणी हाक मारत नाही. एवढंच. कुणाला सांगू नकोस, बाई. दिवसभर चालते असंच वाटू दे सगळ्यांना. पडवीत बसते म्हटलं तर लाज काढतील."

मी शब्द दिला आणि बोंडांचं पोतं उचलून परत आले. नवऱ्याला टाकून ती कुठे पळून गेली नव्हती, आठवड्यातून तीन दुपारी नुसती बसली होती. तरी तिला ते चोरीसारखं वाटत होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

या जुलैत तिची मुलगी मारिएल राजधानीहून आली. मुलगी गुणाची, आईवर जीव टाकणारी, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. रविवारी पाऊस होता म्हणून मी गरम तोर्ता, पावसात करतात त्या गोड पुऱ्या, तळून घेऊन गेले, तर मारिएलने सगळं ठरवून टाकलेलं.

"मी सगळ्या मालकांशी बोललेय, आई. सगळे हो म्हणाले. गावातला तो पोरगा, डार्विन, मोटारसायकलवरून फेरी मारेल. तो येतोय आत्ता चाव्या घ्यायला. बास झालं तुझं ते चालणं!"

झुल्माने माझ्याकडे पाहिलं. मी तोर्तांवर साखर भुरभुरवत राहिले. माझी जीभ तशी कुणाच्या बापाला भीत नाही, पण त्या दिवशी शब्दाला बांधलेली होती.

"डार्विनला फाटकं नाही उघडता यायची," झुल्मा म्हणाली.

"शिकेल."

"'आलो एकदाचे'चं कुलूप फिरत नाही. उचलून मग फिरवावं लागतं."

"सांग ना त्याला तसं. आई, मी तुला आराम देतेय आणि तू कुलपांचं काय घेऊन बसलीस? आता मस्त घरात राहायचं. बाबांजवळ. दिवसभर."

नवरा समोर खुर्चीत बसलेला. 'मला त्याच्यापासून लांब जायचं असतं' हे झुल्माने कुठल्या तोंडाने सांगायचं? झुल्माने जुडगा कमरेवरून सोडला आणि टेबलावर ठेवला. मग हातांना नसलेली ओल एप्रनला पुसत राहिली.

"मला कुणी विचारणार आहे का?" वॉशिंग्टन म्हणाला. लकव्यानंतर त्याचं बोलणं जड झालंय, पण कुरकुर स्पष्ट येते.

"तुमच्यासाठीच तर चाललंय बाबा. आई आता कायम तुमच्यापाशी."

"तेच म्हणतोय. कायम?" त्याने चांगल्या हाताने खुर्चीवर थाप मारली. "ही घरात असली की मला दर घटकेला हजेरी द्यावी लागते. उशी नीट आहे का, पाय गार पडले का, सूप घे, औषध घे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, तेवढाच काय तो डोळा लागतो माझा. तेवढं तरी ठेवा की."

मारिएलचा चेहरा उतरला. झुल्मा मात्र लालबुंद झाली.

"एवढा वैताग येत होता तर आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू भांडत घरीच बसली असतीस."

झुल्माने जुडगा उचलला, कमरेला अडकवला आणि दारातले गमबूट चढवले.

"आई, आज रविवार आहे! बाहेर पाऊस आहे!"

"घरांना काय कळतंय रविवार."

आणि ती गेली. मारिएल डोळे पुसत मागच्या खोलीत डार्विनला फोन करायला गेली. मला वॉशिंग्टनचा असा संताप आला होता की तोर्ता उचलून घरी न्याव्यात. रात्रंदिवस तुझं करणाऱ्या बाईला चारचौघांत असं बोलायचं?

"गेली का?" त्याने विचारलं.

"गेली. ओहोळाशी पोचली असेल. झोप आता सुखाने."

"खुर्ची वळव जरा. खिडकीकडे."

"कशाला?"

"मान अवघडते वाकडी करून बघताना." त्याने मान खिडकीकडे ताणली. "फळी असेल ना गं? रात्रभर पडतोय पाऊस."

"तू झोपतोस ना ती गेली की?"

"झोप कसली येतेय. निलगिरीतून तिची टोपी दिसली की डोळे मिटून घेतो. तुझी पावलं वाजली तरी मिटतो."

"मग मघाशी ते सगळं कशाला बोललास?"

"दमलीये ती, नीबिया," तो म्हणाला. "माझ्यामुळे दमलीये. मला काय कळत नाही?"

मी खुर्ची वळवली. बाहेर पाऊस होता आणि नुसती झाडं.