मंजुळेची चालढकल

मंजुळा चालढकल करून मेली, असं लोक म्हणतात.

आज तिला जाऊन वर्ष झालं. पोशेऱ्याला तिच्या घरी जेवण होतं. पंगतीत कुणीतरी बोललंच, "वेळेवर डॉक्टरला दाखवलं असतं तर आज असती. पण तिचं नेहमीचंच. उद्या बघू."

मी अर्ध्या पानावरून उठलो.

साखरशेतला माझ्या घरी परत आलो तेव्हापासून डोकं जागेवर नाही, म्हणून इथं लिहितो आहे. मी सहावी शिकलेला माणूस. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मंजुळा माझी धाकटी बहीण. पोशेऱ्याला दिलेली. तिथल्या अंगणवाडीत मदतनीस होती.

लग्न ठरलं म्हणून नववीत शाळा सुटली होती. नातवंडं झाल्यावर तिनं ठरवलं, बाहेरून दहावीला बसायचं.

"आता कशाला गं बाय?" मी म्हणालो.

"मला पास व्हायचंय, दादा. बस."

आता गंमत बघा. अंगणवाडीतल्या पोरांची खिचडी या बाईनं कधी उशिरा दिली नाही. पण पुस्तक उघडायचं म्हटलं की चूल सारवायला बसायची. सारवलेली चूल परत सारवायची. निवडलेले तांदूळ परत निवडायची. काहीच सापडलं नाही तर शेजारणीची गोधडी शिवायला घ्यायची.

परीक्षा तिची आणि टेन्शन मला. मोखाड्याच्या बाजारात भेटली की मी पहिलं तेच विचारायचो.

"अभ्यास?"

"उद्यापासून."

"आळशी झालीस तू."

"आणि तुझ्या घराची कौलं कधीची चाळायची राहिलीत, ती कोण चाळणार? पाऊस येऊन चाळून जाईल?"

असं म्हणून हसायची. एकदा मात्र हसता हसता थांबली.

"दादा, पुस्तक उघडलं की वाटतं, हे मला जमायचं नाय. पुस्तक बंद आहे तोवर मी नापास नाय ना."

इतके दिवस मी आळस आळस म्हणत होतो आणि ही तर घाबरलेली होती.

मग मला सुचलं ते मी सांगितलं. म्हटलं, "भाताची आवणी कशी करतेस? बांधावर उभी राहून अख्खं खाचर बघत बसतेस का? वाकायचं, हातातली रोपांची मूठ लावायची, मागं सरकायचं. लावलेला भात डोळ्यापुढं दिसतो. राहिलेलं खाचर पाठीमागं. ते दिसतच नाय. मग कसली भीती?"

तिनं अगदी तसंच केलं.

म्हणजे इतिहासाचं पुस्तक शेवटच्या धड्यापासून वाचायला घेतलं.

मला कळलं तेव्हा अर्धं पुस्तक होऊन गेलेलं.

"अगं, असं कुणी वाचतं का?"

"तूच म्हणालास, मागं सरकत जायचं."

"ते मी आवणीचं सांगत होतो."

"मंग मी दुसरं काय करतेय?"

हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना. पण वाचत होती, हे खरं. हातात मावेल तेवढं वाचायची आणि उठायची. उद्या जास्त वाचीन, असलं काही बोलायची नाही. चुलीचं सारवण आपोआप कमी झालं.

थंडीत तिला टेकाड चढताना दम लागायला लागला. पायांवर सूज यायची. मला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या मुलीला, रंजनाला, ती म्हणाली होती, "पेपर झाले की जव्हारला जाऊ. आता डॉक्टरनी ॲडमिट करून घेतलं तर परत पुस्तक हातात धरायची नाय मी. मला माझं माहीत आहे."

सगळे पेपर दिले. मग कुणी न सांगता आपल्या पायांनी जव्हारच्या दवाखान्यात गेली. तिथून नाशिकला पाठवली. हृदय मोठं झालं होतं म्हणे.

नाशिकहून ती परत आली नाही.

रिझल्ट नंतर लागला. पास. इतिहासात काठावर, कारण पहिले धडे वाचायचे राहून गेले होते.

आता मला सांगा, याला चालढकल म्हणायचं का?

पुस्तक टाळत होती ती चालढकल, हे मला समजतं. ती तिनं मोडली. मी बघितलं आहे. पण दवाखाना टाळला तो पुस्तकासाठी. मग ते काय होतं? तीच भीती घर बदलून आली होती का? की पेपर हे नुसतं निमित्त होतं? की जन्मात एकदा तिनं स्वतःचं काम सगळ्यांच्या आधी ठेवलं?

सकाळी मला एक वाटतं, दुपारी दुसरं.

आज रंजनाला विचारलं, "तुझी आई घाबरली होती का गं?"

"घाबरली असणारच, मामा. पण शेवटचा पेपर देऊन आली ना, तर दारादारात जाऊन सांगत होती, काय काय प्रश्न आले ते. दम लागायचा, थांबायची, परत सांगायची. आम्ही म्हटलं, बस कर. ऐकते कुठं?"

डॉक्टर म्हणाले होते, आधी आला असतात तर बघता आलं असतं. बघता आलं असतं म्हणजे वाचली असती का, हे विचारायचं तेव्हा कुणालाच सुचलं नाही. आता कुणाला विचारू?

तिला पास व्हायचं होतं आणि ती झाली, एवढंच मला नक्की माहीत आहे. तिला चालढकल करणारी म्हणायचं असेल तर माझ्यासमोर तरी म्हणू नका. मला भांडता येत नाही.

मंजुळा, बाय, तुझा राग येतो आणि तुझं कौतुकही वाटतं. दोन्ही एकदम येतं, आणि मी आपला अंगणात येरझाऱ्या घालतो.

सुखात राहा, जिथं असशील तिथं. दादाचा तुला नमस्कार.